डॉक्टरांचा पगार आणि खजरान्याचा रोगी

सरकारी डॉक्टर संपावर गेले की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "यांना एवढा पगार मिळतो, आणखी किती हवा?" आणि दुसरे, "वैद्यकी ही सेवा आहे, धंदा नव्हे." ही वाक्ये बोलणारी माणसे वाईट नसतात. बहुधा त्यांच्या घरचे कोणीतरी त्या दिवशी हातात पर्ची धरून बाहेरच्या बाकावर बसलेले असते. तरीपण या दोन वाक्यांनी प्रश्न सुटत नाही. सरकारी डॉक्टरला किती द्यावे, कोणी द्यावे आणि ते वेळेवर मिळते की नाही, यावर आपल्या घरचा ताप किती पैशांत उतरतो हे पुष्कळसे अवलंबून आहे. म्हणून या वेळी या पानावर थोडे या विषयाकडे वळू.

आपण खजरान्यापासूनच सुरुवात करू. खजराना हे एके काळी इंदूरबाहेरचे गाव. अहिल्याबाईंनी बांधलेले गणपतीचे देऊळ आणि नाहरशाह वलींचा दर्गा या दोन स्थानांमुळे लांबलांबची माणसे येथे येत. पुढे शहर वाढत वाढत पूर्वेकडे सरकले, काळ्या जमिनीच्या शेतांत वसाहती उठल्या आणि गाव शहराच्या पोटात गेले. आज येथे दाट वस्ती आहे, आणि रोज कमवून रोज खाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. २०२० सालच्या एप्रिलमध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा इंदूरच्या ज्या भागांची नावे रोज वर्तमानपत्रात येत, त्यांत खजराना होते. त्याच महिन्यात, ९ एप्रिलला, इंदूरचे डॉ. शत्रुघ्न पंजवानी या साथीत दगावले. ते खाजगी व्यवसाय करणारे डॉक्टर होते. साथीत बळी पडलेले देशातले पहिले डॉक्टर म्हणून त्यांचे नाव तेव्हा सर्वत्र छापून आले.

अशा वस्तीत माणूस आजारी पडला की जातो कोठे? पहिला थांबा म्हणजे कोपऱ्यावरचा दवाखाना. तेथे बसलेला माणूस कधी रीतसर शिकलेला असतो, कधी नुसताच सुई टोचणारा, ज्याला इकडे झोलाछाप म्हणतात. दुसरा थांबा म्हणजे सरकारचा संजीवनी क्लिनिक. हे छोटे शहरी दवाखाने मध्य प्रदेशात २०१९ साली इंदूरपासूनच सुरू झाले. आणि तिसरा, शेवटचा थांबा म्हणजे एम. वाय., महाराजा यशवंतराव इस्पितळ. पहिल्या ठिकाणी पैसे मोजावे लागतात, दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर भेटला तर काम होते, आणि तिसऱ्या ठिकाणी गर्दी असली तरी कोणाला परत पाठवीत नाहीत. इंदूरच काय, धार, झाबुआ, खरगोन, देवासपर्यंतच्या गोरगरिबांना एम. वाय. हे शेवटचे दार आहे.

रात्रीच्या वेळी हे दार कोण उघडे ठेवतो?

एम. वाय. हे महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले इस्पितळ आहे. या कॉलेजचे मूळ १८७८ साली निघालेल्या इंदूरच्या वैद्यकशाळेत आहे. तेथे एम. बी. बी. एस. होऊन पुढचे तीन वर्षांचे शिक्षण घेणारे जे निवासी डॉक्टर असतात, ते कागदोपत्री विद्यार्थी. म्हणून त्यांना मिळते ते पगार नव्हे, विद्यावेतन. प्रत्यक्षात रात्री दोन वाजता मळणीयंत्रात हात सापडलेला शेतमजूर आणला, की त्याच्यापुढे उभा राहतो तो हाच 'विद्यार्थी'. मोठे डॉक्टर सकाळी फेरीला येतात, रात्रभर वॉर्ड सांभाळतात ती ही पंचवीस-तीस वर्षांची मुले-मुली. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत लिहिलेले आहे की सलग काम सामान्यतः १२ तासांहून अधिक नसावे आणि आठवड्याचे ४८ तास व्हावेत. हा नियम कोठे कसा पाळला जातो, ते कोणाही निवासी डॉक्टरला विचारून पाहावे. तो हसेल.

२०२१ चा संप

आता २०२१ सालची गोष्ट पाहू. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरू लागली होती. तिच्यामागून काळ्या बुरशीचा रोग आला. एम. वाय. मध्ये त्याचे रुग्ण शेकड्यांनी दाखल होते. डोळा वाचवायचा की जीव, असा प्रश्न वॉर्डात रोज पडत होता. अशा वेळी, ३१ मे रोजी, मध्य प्रदेशच्या सहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतले सुमारे ३,००० कनिष्ठ डॉक्टर संपावर गेले. त्यांच्या संघटनेला इकडे सगळे 'जूडा' म्हणतात. त्यांच्या दोन मुख्य मागण्या होत्या. विद्यावेतनात २४ टक्के वाढ हवी, आणि कोरोनाच्या कामात आपण किंवा आपल्या घरचे आजारी पडले तर उपचार मोफत व्हावेत. मे महिन्याच्या आरंभी तोंडी आश्वासन मिळाले होते, लेखी काही हाती आले नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आकडे असे होते. पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला महिना ५५,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ५७,०००, तिसऱ्या वर्षी ५९,०००. मागणी होती अनुक्रमे ६८,२००, ७०,६८० आणि ७३,१६० रुपयांची. सरकार १७ टक्क्यांवर येऊन थांबले. ३ जून रोजी जबलपूरच्या उच्च न्यायालयाने संप बेकायदा ठरवून चोवीस तासांत कामावर परतण्यास सांगितले, तेव्हा या ३,००० डॉक्टरांनी सामुदायिक राजीनामे दिले. अखेर ७ जूनला संप मिटला. त्या आठवड्यात ज्यांच्या घरचे माणूस वॉर्डात होते त्यांनी काय सोसले, ते आकड्यांत मावणारे नाही. साथीच्या ऐन भरात वॉर्ड सोडणे मला पटत नाही. पण साथीच्या ऐन भरात तोंडी आश्वासनावर मुलांना राबवून घेणे तरी कोणाला पटावे?

आमच्या शेतकरी वाचकांच्या मनात येथे एक प्रश्न नक्की आला असेल. २०२०-२१ सालचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,८८० रुपये होता, आणि २०२१-२२ साठी तो झाला ३,९५०. म्हणजे वाढ ७० रुपयांची, दोन टक्केसुद्धा नाही. आणि येथे १७ टक्के मिळूनही डॉक्टर नाराज! शेतकऱ्याचा हा राग समजण्यासारखा आहे. पण शेतकऱ्याला एक गोष्ट इतरांपेक्षा चांगली कळते. आपल्या घामाचा दर दुसऱ्याच गावात, आपल्याला न विचारता ठरतो, आणि तो वाढवून घ्यायचा तर रस्त्यावर बसण्यावाचून मार्ग उरत नाही. निवासी डॉक्टरचेही नेमके हेच आहे. त्याचा दर भोपाळला ठरतो.

आणि शेतकऱ्याचा या डॉक्टरशी संबंध शहरवाल्यापेक्षा अधिकच जवळचा. फवारणीचे विष अंगात गेले, साप चावला, मळणीयंत्रात बोट गेले, तर तालुक्याच्या गावी तज्ज्ञ नसतो म्हणून गाडी थेट इंदूरला धावते. (सापाची गोष्ट निघालीच आहे तर सांगून ठेवतो. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता, वेळ न घालवता, सर्पविषावरची लस असलेल्या सरकारी इस्पितळात न्यावे. भगत-मांत्रिकाकडे गेलेला एक तास परत मिळत नाही.) केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य अहवालाप्रमाणे देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने ७९.५ टक्के तज्ज्ञ डॉक्टर कमी होते. म्हणजे जेथे पाच हवेत तेथे एक. इमारत असते, पाटी असते, खाटा असतात. भूल देणारा नसतो.

नुसता पगार वाढवून भागेल काय?

नाही, आणि हे डॉक्टरच सांगतात. ३ मे २०२३ रोजी मध्य प्रदेशातले हजारो सरकारी डॉक्टर पुन्हा संपावर गेले. या वेळी मुले नव्हती, नोकरीत केस पिकलेली माणसे होती. उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्यामुळे तो संप त्याच दिवशी मागे घ्यावा लागला, पण त्यांच्या मागण्या मात्र वाचण्यासारख्या होत्या. मुख्य मागणी ठरावीक मुदतीत मिळणाऱ्या बढतीची होती. केंद्र सरकारच्या डॉक्टरांना २००८ पासून ४, ९, १३ आणि २० वर्षे झाली की वरची श्रेणी मिळते, मग वरची जागा रिकामी असो वा नसो. राज्याच्या डॉक्टरला तशी खात्री नव्हती. ज्या पदावर लागला त्याच पदावर तो वर्षानुवर्षे राहायचा, आणि त्याच्याबरोबर शिकलेला मित्र तोवर स्वतःचे नर्सिंग होम बांधून मोकळा व्हायचा. दुसरी मागणी अशी होती की वैद्यकीय कामात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये. याचा अर्थ असा की अंगावर पांढरा कोट असला तरी खुर्ची कोणाची, हा झगडाही या प्रश्नात आहे. पगाराच्या चर्चेत तो सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

मग असा डॉक्टर नोकरीत टिकावा कसा? आपल्या राज्याने यावर एक जुना तोडगा वापरला आहे. कामाची वेळ सोडून स्वतःच्या घरी रोगी तपासण्याची मुभा सरकारी डॉक्टरांना दिलेली आहे. सरकारला पगार कमी द्यावा लागतो, डॉक्टरची मिळकत भरून निघते. वरवर पाहता सगळे खूष. पण सकाळी इस्पितळात जो रोगी दोन मिनिटांत उरकला जातो, त्यालाच संध्याकाळी घरी नीट तपासतात, हे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. प्रत्येक डॉक्टर असे करतो असे नव्हे. पण व्यवस्थाच अशी आहे की प्रामाणिक माणसालाही मोह व्हावा.

गंमत अशी की ही धोक्याची घंटा फार पूर्वीच वाजली होती. स्वातंत्र्याआधी देशाच्या आरोग्याचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले मराठी ख्रिस्ती गृहस्थ होते. जन्मसाल १८७८, म्हणजे इंदूरची वैद्यकशाळा निघाली तेच. १९४६ च्या त्यांच्या अहवालात स्पष्ट लिहिले होते की पूर्णवेळ पगारी सरकारी डॉक्टरांना खाजगी व्यवसाय करू देऊ नये. पैसे नसले म्हणून कोणाचे उपचार अडू नयेत, हे त्या अहवालाचे मूळ सूत्र होते. अहवालातली प्राथमिक आरोग्य केंद्रे पुढे देशभर उभी राहिली. खाजगी व्यवसायाबद्दलची शिफारस मात्र बहुतेक राज्यांनी सोयीप्रमाणे पाळली किंवा पाळली नाही.

यात आपणच एकटे दोषी असे समजू नये. इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ रोजी सर्वांना मोफत उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा तेथले मोठे डॉक्टर तिच्यात यायला तयार नव्हते. आरोग्यमंत्री अ‍ॅन्युरिन बेव्हन यांनी त्यांना खाजगी रोगी पाहण्याची सवलत दिली, तेव्हा कोठे ते आले. आणि पंचाहत्तर वर्षांनंतर त्याच सेवेतले कनिष्ठ डॉक्टर, महागाईने आपला पगार खाल्ला म्हणून, २०२३ आणि २०२४ मध्ये पुन्हा पुन्हा संपावर गेले. देश श्रीमंत असला तरी हा हिशेब एकदा लिहून कायमचा मिटत नाही.

'सेवा' या शब्दाबद्दल

आमच्या वाचकांना मिशनची इस्पितळे ठाऊक आहेत, आणि त्यामुळे 'डॉक्टरने सेवा करावी' हे आपण अधिक सहज बोलतो. सिस्टर लोक अल्पशा मोबदल्यात दिवसरात्र राबतात हे आपण पाहिलेले आहे. पण सिस्टरच्या जेवणाची, निवाऱ्याची आणि म्हातारपणाची काळजी तिची संस्था वाहते. तिला मुलांची फी भरायची नसते, घरभाडे द्यायचे नसते. सरकारी डॉक्टरच्या मागे अशी कोणतीही संस्था नाही, पगार हीच त्याची संस्था. सेवा म्हणून कमी पैशांत काम करण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. दुसऱ्याकडून कमी पैशांत काम करून घेण्यासाठी तो शब्द वापरणे बरे नव्हे.

आणि सेवा करणारे केवळ डॉक्टरच नसतात. घरोघर फिरून गरोदर बाईची नोंद करणारी, लसीची आठवण देणारी आशा कार्यकर्ती आपल्या गल्लीत येते. तिला २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सन्मान दिला. तिचे ठरावीक मानधन मध्य प्रदेशात महिना २,००० रुपये होते, ते ६,००० करण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली. निवासी डॉक्टरच्या विद्यावेतनाशी याची तुलना वाचकांनीच करावी.

उंदरांची गोष्ट, दोनदा

एम. वाय. च्या बाबतीत इंदूरने देशाला एक धडा दिला होता, आणि तो मोठा होता. १९९४ साली सुरतेला प्लेगची साथ आली. एम. वाय. तेव्हा उंदरांनी भरलेले होते. जिल्हाधिकारी सुधी रंजन मोहंती यांच्या पुढाकाराने सारे इस्पितळ रिकामे केले गेले, रोगी दुसरीकडे हलविले, घाण काढली, उंदीर मारले, इमारत दुरुस्त केली. लोकांनी मदत केली. मग प्रश्न आला की पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे? त्यातून रोगी कल्याण समिती निघाली. लोकप्रतिनिधी, अधिकारी, डॉक्टर आणि नागरिक यांची समिती, ऐपत असलेल्यांकडून थोडी फी, गरिबांना माफी, आणि जमलेला पैसा भोपाळला न पाठवता त्याच इस्पितळावर खर्च. ही कल्पना पुढे साऱ्या राज्यात, आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर गेली. महाराष्ट्रात तिलाच रुग्ण कल्याण समिती म्हणतात.

कल्पना चांगली होती आणि तिने पुष्कळ कामे केली, हे नाकारू नये. पण तिच्या हातात काय होते ते पाहा. भिंतीला रंग देणे, पंखे बसविणे, यंत्र दुरुस्त करणे. कायम डॉक्टर किती, कायम परिचारिका किती, त्यांना पगार काय, हे ठरविणे तिच्या हाती नव्हते. ते भोपाळच्याच हाती राहिले. आणि रोज लागणारी स्वच्छतेसारखी कामे हळूहळू ठेकेदारांकडे गेली.

एकतीस वर्षांनी, २०२५ च्या ऑगस्टच्या अखेरीस, त्याच एम. वाय. मध्ये अतिदक्षता विभागातल्या दोन नवजात बालकांना उंदरांनी चावे घेतले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही बालके दगावली. मृत्यू आधीच्या आजारामुळे झाले, असे इस्पितळाचे म्हणणे पडले. परिचारिका निलंबित झाल्या, उंदीर-कीटक नियंत्रणाचा ठेका असलेल्या खाजगी कंपनीला दंड झाला, आणि उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली. बालकांचे आई-बाप गरीब होते, आणि एम. वाय. खेरीज त्यांना दुसरे दार नव्हते.

डॉक्टरांच्या पगाराच्या लेखात ही गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. अशासाठी की वॉर्ड चालतो तो एका माणसाच्या पगारावर नव्हे. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार, औषध देणारा, उंदीर मारणारा, अशी ती साखळी आहे. डॉक्टरांची संघटना बळकट आहे, त्यांचा आवाज भोपाळपर्यंत जातो. ठेकेदाराच्या हाताखालच्या सफाई कामगाराचा जात नाही. पैसे वाचविण्याची वेळ आली की कात्री प्रथम तेथे लागते, आणि तिचे परिणाम पाळण्यात दिसतात.

पैसा आहे कोठे?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने वचन दिले होते की २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरील खर्च देशाच्या एकूण उत्पन्नाच्या २.५ टक्के होईल. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यात तो १.८४ टक्के होता. त्याच लेख्यात उपचारांच्या एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी आपल्या खिशातून भरल्याची नोंद आहे. आधीच्या काळाच्या मानाने हे कमी झाले, हे खरे. तरी शंभरातले चाळीस रुपये थोडे नव्हेत, आणि ते उसनवारीने किंवा दागिने गहाण टाकून उभे केले जातात.

२०१८ पासून आयुष्मान कार्ड आले. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो. ज्यांनी कार्ड काढले नसेल त्यांनी जरूर काढावे. मात्र एक लक्षात असू द्यावे. हे कार्ड इस्पितळात दाखल झाल्यावर चालते. खजरान्यातल्या बाईला ताप आला, तिची शुगर वाढली, मुलाला खोकला झाला, तर कोपऱ्यावरच्या दवाखान्याची फी आणि औषधाचे बिल हे कार्ड भरीत नाही. त्या कामाला संजीवनीत बसलेला डॉक्टरच लागतो, आणि तो बहुधा संविदेवर, म्हणजे कंत्राटावर असतो. त्याला दुसरीकडे बरी नोकरी मिळाली की खुर्ची रिकामी.

तेव्हा आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर भेटला नाही, तर नुसती चरफड करून परत येऊ नये. तेथे असलेल्या परिचारिकेला शांतपणे एवढेच विचारावे, की डॉक्टर आज रजेवर आहेत, न सांगता गैरहजर आहेत, की येथील जागाच रिकामी आहे? या तीन उत्तरांचे तीन निराळे रस्ते आहेत. रजेवर असतील तर बदली डॉक्टर कोणत्या दिवशी येतो ते विचारून घ्यावे. गैरहजर असतील तर मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या १८१ क्रमांकावर तारीख, वेळ आणि दवाखान्याचे नाव सांगून तक्रार नोंदवावी व तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. आणि जागाच रिकामी असेल, तर डॉक्टरला शिव्या देऊन उपयोग नाही. तेथे असलेल्या लोकांची नावे व सह्या घेऊन अर्ज करावा, आणि त्याची प्रत नगरसेवकाकडे, आमदाराकडे व मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यावी. अर्जात "डॉक्टर मिळत नाही" असे मोघम लिहू नये. "अमुक दवाखान्यात डॉक्टरची जागा अमुक महिन्यापासून रिकामी आहे, ती कधी भरणार ते लेखी कळवावे," असे लिहावे, आणि पोहोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.